मेंढरं विकून आलेली फी

भाईचे डोळे गेले तेव्हा तो विशीत होता आणि मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान बहीण. भूगावच्या बाजूला तेव्हा दगडाच्या खाणी होत्या. तिथे तो सुरुंगासाठी भोकं पाडायच्या कामाला जायचा. एक सुरुंग वेळेवर उडाला नाही म्हणून मुकादमानं त्याला बघायला पाठवलं. तो जवळ पोचला आणि सुरुंग उडाला. जीव वाचला, चेहऱ्यावरचे व्रणही काही महिन्यांत फिकट झाले, पण दोन्ही डोळे गेले. पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून त्याला घेऊन आम्ही पौडला परतलो, त्या दिवशी अम्मानं दाराशी त्याचा हात धरला आणि म्हणाली, "पायरी हाय." ज्या पायरीवर बसून तो लहानाचा मोठा झाला, तिच्याबद्दल त्याला सांगावं लागलं. भाईनं पायानं पायरी चाचपली आणि आत आला.

आमच्या अब्बांचं पौडच्या बाजारात सायकलचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि तासावर भाड्यानं सायकली. आम्ही मुसलमान, पण घरात बोलायचो ती पौडची मराठीच. उर्दू फक्त दुआपुरती. खाणमालकानं जे थोडेफार पैसे दिले ते औषधांत गेले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं भाई दुकानात एका लाकडी पेटीवर बसून होता. गिऱ्हाईकं यायची, हवा भरून घ्यायची आणि अब्बांना विचारायची, "पोरगा नीट खातोय का? रडतो का अजून?" भाई तिथेच असायचा, हातभर अंतरावर. डोळ्यांबरोबर त्याचे कानही गेलेत अशा थाटात लोक बोलायचे. अब्बा उत्तर द्यायचे आणि मान खाली घालून ट्यूब पाण्यात बुडवायचे.

डोळे पुन्हा दाखवायला पुण्याला गेलो असताना दवाखान्यातल्या एका सिस्टरनं आम्हाला सांगितलं, की अंधांना मालिश शिकवणारी एक संस्था शहरात आहे. दीड वर्षाचं शिक्षण, वर सर्टिफिकेट. आम्ही पत्ता शोधत गेलो. तिथले व्यवस्थापक चांगले गृहस्थ होते. त्यांनी भाईचे हात हातात घेऊन बघितले, तळव्यांवरचे घट्टे दाबून पाहिले आणि म्हणाले, "ताकद आहे. बाकीचं आम्ही शिकवू." शिकवण्याची फी थोडी होती, पण राहणं, जेवण, पांढरे कपडे, तेल आणि अनामत धरली तर जी रक्कम होत होती ती आमच्या दुकानात वर्षभरात कधी एकगठ्ठा दिसली नव्हती.

अब्बांनी एकच विचारलं. "शिकून भाईर पडल्यावर मिळतं किती?"

"चांगलं मिळतं," व्यवस्थापक म्हणाले.

"म्हंजी किती?"

ते जरा घुटमळले. "ते ज्याच्या त्याच्या हातावर असतं."

अब्बा कधी कुणाशी वाद घालणारे नव्हते, पण त्या दिवशी ते हटले नाहीत. इथून शिकून गेलेल्यांचे पत्ते द्या, म्हणाले. व्यवस्थापकांना राग आला नाही. त्यांनी माझ्या वहीच्या कागदावर तीन पत्ते लिहून दिले.

पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही तिघं पुन्हा पुण्याला गेलो. पहिला माणूस एका दवाखान्यात पगारावर होता. पेठेत त्याची एक खोली होती, बायको होती, कपबशा धुऊन उपड्या घातलेल्या होत्या. तो मोकळेपणानं बोलला. पहिलं वर्ष कोणी बोलवत नाही, मग एक जण दुसऱ्याला सांगतो, पावसाळ्यात सांधे धरतात तेव्हा काम जास्त, उन्हाळ्यात कमी. पगाराचा आकडाही त्यानं सांगितला. अब्बांचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

दुसरा माणूस नदीपलीकडच्या एका चाळीत आईजवळ राहत होता. तो खाटेवर बसलेला होता आणि त्याची आईच सगळी उत्तरं देत होती. सर्टिफिकेट आहे हो, भिंतीवर लावलंय. लोकांना घरात आंधळा माणूस नको वाटतो. बाया-पोरी घरात असतात म्हणतात. आणि कोपऱ्यावरचा न्हावी निम्म्या पैशात तेल चोळून देतो. तिचा मुलगा मधेच एवढंच बोलला, "मला हाताला सवय राहावी म्हणून मी आईचे पाय चेपतो." तिसऱ्या पत्त्यावर त्या नावाचं कोणी राहत नव्हतं.

परतीच्या एसटीत अब्बा खिडकीबाहेर बघत बसले. कोथरूड मागे पडलं, चांदणी चौकाचा चढ आला. शेवटी म्हणाले, "एक लागला, एक बसला, एक गायब. कर्ज कशाच्या भरवशावर काढायचं?"

भाई म्हणाला, "अब्बा, तो दुसरा घरात बसलाय. मी बी घरातच बसलोय. त्याला निदान आईचे पाय चेपाया येत्यात."

भाई डोळे गेल्यापासून इतकं लांब वाक्य कधी बोलला नव्हता. अब्बांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भूकूम येईपर्यंत तो तसाच राहू दिला.

पैशांसाठी अब्बा सोसायटीत गेले. मी अर्ज लिहून दिला होता. कारकून वाचून हसला. "मिस्त्री, म्हशीला कर्ज हाय, इंजनाला हाय. मालिशला कुटनं द्यायचं?" अब्बा घरी येऊन म्हणाले, बरं झालं, नाहीतरी व्याजाचा पैसा घरात आणायला मन घेत नव्हतं. पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

आम्ही ज्याला काका म्हणायचो तो मेंढपाळ कासारसाईकडचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन तो पौडवरून ताम्हिणीच्या वाटेनं कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी परतायचा. जाता-येता अब्बांच्या दुकानापाशी थांबायचाच. या दोघांची ओळख विचित्र तऱ्हेनं झाली होती. खूप वर्षांपूर्वी काकाचा लहान मुलगा वाटेत तापानं फणफणला, तेव्हा अब्बांनी त्याला सायकलच्या दांडीवर घेऊन दवाखाना गाठला होता. पण मूल दांडीवरच गेलं होतं. दुसरा कोणी असता तर त्या आठवणीपायी दुकानाकडे पुन्हा फिरकला नसता. काका दरवर्षी यायचा, पायरीवर बसायचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा. मुलाचा विषय दोघंही काढायचे नाहीत.

त्या वर्षी तो आला तेव्हा भाई पेटीवर बसलेला होता. काकानं इतरांसारखं अब्बांना विचारलं नाही. तो सरळ भाईपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "काय रं, दिवसभर काय करतोस?"

भाईनं त्याला सगळं सांगितलं. संस्था, दीड वर्ष, पत्ते, नदीपलीकडचा माणूस. काकानं ऐकून घेतलं आणि उठून गेला. आठवड्याच्या बाजारानंतर परत आला तेव्हा त्याच्या कमरेच्या पिशवीत पैसे होते. त्यानं कळपातले चांगले एडके आणि काही मेंढ्या विकल्या होत्या.

अब्बा घाबरलेच. "गड्या, हे फिटायचं कसं? पोराला काम मिळालंच न्हाई तर?"

"तर न्हाई. मेंढरं बी मरत्यातच की. तवा मी कुणाकडं मागाया जातो?"

"न्हाई कसं? तुझ्या घरच्या तोंडचा घास हाय ह्यो."

"मग असं कर मिस्त्री," काका म्हणाला, "पोरगं कमवाया लागलं की त्याच्या कमाईतनं दे. तुझ्या दुकानातला पैका मला नको. पोराचा दे."

अब्बांनी व्हय म्हटलं. हातात हात दिला. एवढंच.

भाई पुण्याला राहायला गेला. ईदेला घरी आला तेव्हा मला तो ओळखू आला नाही, इतका ताठ चालत होता. हातावरचे घट्टे जाऊन तळवे मऊ झाले होते. त्यानं अम्माला पालथं झोपवलं आणि तिच्या पाठीवरून बोटं फिरवत तो मला सांगत राहिला, ही अमकी शीर, हा तमका स्नायू, हा खालून येऊन इथं मिळतो. "आपल्या पाठीत एवढी गर्दी असती, मला ठावंच न्हवतं," म्हणाला. अम्माच्या उजव्या खांद्याखाली त्याला एक गाठ लागली. तो तिथे हलकेच दाबत राहिला. अम्मा लाजत होती, पुरे पुरे म्हणत होती, आणि मग एकदम रडायला लागली. दुखलं का, भाईनं विचारलं. ती म्हणाली, न्हाई. आयुष्यात कोणी तिच्या पाठीला असा हात लावला नव्हता. त्या दिवशी घरात सगळ्यांना वाटलं, झालं ते बरंच झालं. सर्वांत जास्त अब्बांना.

सर्टिफिकेट मिळालं आणि एका दवाखान्यात त्याला तात्पुरतं घेतलंही. पण पगार पहिल्या माणसानं सांगितला होता त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यात कॉटचं भाडं, खानावळ, बस. तरी भाई दर महिन्याला थोडे पैसे पाठवायचा. अब्बा ते वेगळ्या डब्यात ठेवायचे आणि काका कोकणातून परतला की त्याच्या हातावर ठेवायचे. पहिल्या खेपेला काकानं त्या नोटा कपाळाला लावल्या होत्या. "आंधळ्या पोराची कमाई हाय," तो बाजारात चार लोकांना सांगत फिरला.

वर्षभरानं दवाखान्यात विजेची यंत्रं आली. ती चालवायला पदवी घेतलेली मुलं-मुली आली. भाईला कोणी काढून टाकलं नाही, फक्त त्याच्याकडे माणसं पाठवणं थांबलं, आणि मग तात्पुरत्याची मुदत संपली. तो घरोघरी जायला लागला. एका घरून दुसऱ्या घरी जायला दोन बस बदलायच्या, पत्ता विचारत काठी टेकवत जायचं, आणि दारात पोचल्यावर कळायचं की शेठ गावाला गेलेत. काही माणसं फार चांगली भेटली. एक म्हातारे निवृत्त प्रोफेसर त्याला आठवड्यातून तीनदा बोलवायचे, मालिश झाल्यावर पेपर वाचून दाखवायचे. ते वारले तेव्हा भाई चार दिवस कामाला गेला नाही. काही ठिकाणी त्याला मागच्या दारानं यायला सांगायचे. न्हाव्याचा भाव सांगून घासाघीस तर जवळजवळ सगळीकडेच.

अब्बा हिशेब करायचे तो तोंडीच. सगळं वजा जाता भाईच्या हाती जे उरत होतं, ते दुकानातल्या सायकलींच्या भाड्याएवढंसुद्धा नव्हतं. पण हे ते भाईसमोर कधी बोलले नाहीत. मला आणि अम्मालाच म्हणायचे, "पोरगं पायावर हाय. त्याचं मोल धरा की."

मग एका सुट्टीत भाई घरी आला असताना मी त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यानं भाकरी मोडायला घेतली आणि ती मोडेना. त्यानं ती मुठीत दाबली, तळव्यानं रेटली. मी त्याचे हात ओढून घेतले. दोन्ही अंगठे बुडाशी सुजून लाल झाले होते.

"कवापास्नं हाय हे?"

"होतंय थोडं. समद्यांनाच होतं म्हणं."

"शिकवताना सांगितलं न्हवतं?"

"न्हाई," तो म्हणाला. "अब्बांनी बी ते इचारलं न्हवतं."

डॉक्टरनं काही महिने हाताला पूर्ण विश्रांती सांगितली. भाई पौडला परत आला आणि पुन्हा त्याच पेटीवर बसायला लागला. डब्यात पैसे पडायचे थांबले. अजून जवळजवळ निम्मं कर्ज राहिलेलं होतं.

त्याच साली, पावसाळा तोंडावर आलेला असताना, काका कोकणातून परतला. दुकानापाशी थांबला. त्याच्याबरोबर मेंढरं नव्हती, ती मागून बायको घेऊन येतेय म्हणाला. चहा घेतला. भाईचे अंगठे हातात घेऊन बराच वेळ बघितले. "ऊन राखेनं शेक," म्हणाला. अब्बांनी सांगितलं, गड्या, या खेपेला काहीच न्हाई. काका म्हणाला, "मी मागितलं का?" आणि उठला. वाटेला लागताना त्यानं मागे वळून भाईला हाक मारली, "बसून राहू नगंस रं." अजून मला ती हाक जशीच्या तशी ऐकू येते.

त्याची मेंढरं मागून येतच नव्हती. कळपात रोगाची साथ शिरली होती आणि बहुतेक जनावरं वाटेतच मेली होती. उरलेली त्यानं मिळेल त्या भावाला खाटकाला दिली होती. हे आम्हाला पंधरा दिवसांनी, दुसऱ्या एका मेंढपाळाकडून कळलं. अब्बांनी ऐकता ऐकता हातातला पाना खाली ठेवला. "हितं बसला व्हता," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हितं बसून चहा पिऊन गेला आन् बोलला न्हाई."

अब्बांनी भाड्याच्या चांगल्या सायकली विकायला काढल्या. पैसे घेऊन अब्बा आणि मी कासारसाईला गेलो. काका घरी नव्हता, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला होता. काकी दारात शेणी थापत होती. अब्बांनी पैसे तिच्यापुढे धरले.

तिनं हात पुढे केला नाही. "पोराचे हायेत का?" तिनं विचारलं.

अब्बांना खोटं बोलता आलं नाही. "सायकली इकल्या."

"मग नगं. त्यांनी सांगून ठिवलंय. मिस्त्री सायकली इकून येईल, त्यो पैका घिऊ नगंस. पोराच्या कमाईचा आला तरच घे."

"वहिनी, घरात दाणा न्हाई तुमच्या. मला दिसतंय."

"दिसू द्या," काकी म्हणाली. तिचा आवाज कडक होता, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. "आमचं पोरगं तुमच्या सायकलीवर ग्येलं. त्यास्नी वाटतं, तुमचं तरी पोरगं उभं राहावं. आता ह्यात मी काय बोलू?"

आम्ही पैसे घेऊन परत आलो. वाटेत अब्बा एका बांधावर बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. बापाला रडताना मी तेव्हाच पाहिलं, भाईच्या डोळ्यांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मी भाईला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन उठला आणि पुण्याला निघाला. सूज पूर्ण उतरलेली नव्हती. अब्बा नको म्हणत होते, पण त्यानं ऐकलं नाही. संस्थेतल्या जुन्या शिक्षकांकडे जाऊन तो अंगठ्याऐवजी कोपर आणि मनगटानं दाब द्यायला नव्यानं शिकला. हळूहळू पुन्हा घरं मिळाली. आधीच्यापेक्षा कमीच. पैसे पाठवायचं त्यानं बंद केलं. साठवायचे आणि स्वतः जाऊन द्यायचे, असं त्यानं ठरवलं होतं.

आम्ही दोघं कासारसाईला गेलो तोवर दुसरा हिवाळा आला होता. तोवर माझं लग्न महाळुंग्याला झालं होतं, तिथून मी भाईला गाठलं. काका खोपटात पडून होता. खडीच्या धुरळ्यानं छाती भरली होती, शिवाय जुना दमा होता, असं काही काकी म्हणाली. नीट औषध कुणी केलं नव्हतं. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. भाईनं पैसे त्याच्या हातात दिले. ते राहिलेल्याच्या अर्धेही नव्हते.

"तुझे?" काकानं विचारलं.

"माझे."

काकानं पैसे उशाखाली सरकवले. "फिटलं मग," म्हणाला.

"न्हाई काका, अजून हायेत."

"फिटलं म्हणतोय न्हवं."

मग भाई त्याच्या पाठीशी बसला. छातीत दम भरलेल्या माणसाला कसं टेकवून बसवायचं, बरगड्यांच्या मधल्या भागावर हाताची कड कशी फिरवायची, हे तो मला हळू आवाजात सांगत होता, जशी काही मी पण शिकणारी होते. काका डोळे मिटून होता. मधेच म्हणाला, "लई गरम हात हायेत रं तुझं." श्वास थोडा मोकळा झाल्यासारखा वाटला. आम्ही निघालो तेव्हा तो बसूनच राहिला होता, खूप दिवसांनी असं बसलेत, काकी म्हणाली.

तो महिनाभरात गेला. निरोप आम्हाला उशिरा पोचला, मातीला कोणी जाऊ शकलं नाही. अब्बा त्यानंतर दुकानात बसायचे, पण पायरीकडे पाठ करून. दोन वर्षांनी तेही गेले.

काकानं फिटलं म्हटलं होतं, पण भाईनं ते मानलं नाही. राहिलेलं सगळं साठवायला त्याला आणखी बराच काळ लागला. शेवटचे पैसे घेऊन आम्ही कासारसाईला गेलो, तेव्हा काकी दुसऱ्याच्या रानात खुरपून नुकतीच परतली होती. खांद्यावरचा भारा तिनं दारात टाकला आणि आम्हाला बघून ओशाळली. घरात द्यायला काही नाही म्हणाली. भाईनं पैसे दिले. तिनं ते न मोजता पदरात बांधले आणि खाली बसली. बसताना तिच्या तोंडून बारीकसं कण्हणं निघालं.

"खांदा का, काकी?" भाईनं विचारलं.

"असू दे रं. रोजचंच हाय."

"हिकडं सरका."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. मग ती अवघडत पाठमोरी झाली. भाईनं तिच्या पदरावरूनच खांद्यावर हात ठेवला, आधी नुसताच, मग हळूहळू मनगटानं दाब देत. बाहेर तिची एकुलती एक शेळी दाव्याला हिसके देत होती. थोड्या वेळानं काकीची मान पुढे कलली. मी वाकून बघितलं तर तिला बसल्या बसल्या झोप लागली होती.

"निजली," मी भाईला हळूच सांगितलं. "आपली एसटी जाईल."

"जाऊ दे," भाई म्हणाला. त्यानं हात काढले नाहीत.